हायडेलबर्गच्या दशम्या

दशम्यांचा वास मला आजही सहन होत नाही. दुधात भिजवलेल्या पिठाचा तो किंचित आंबूस, किंचित गोड वास आला की मी उठून खिडकी उघडते. बहिणीकडे गेले आणि तिने प्रवासाला बांधून दिल्या, तर मी तोंडदेखलं घेते आणि एसटी स्टँडवर कुणाला तरी देऊन टाकते. बहीण म्हणते, सौदीत राहून तुझे चोचले वाढले. वाढले असतील. पण त्या वासाला कारण आहे, आणि ते कारण हायडेलबर्ग आहे.

मी तबूकच्या एका हॉस्पिटलमध्ये लेबर रूमची नर्स होते. हे त्याच हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये. ग्लोव्हज, बँडेज, सलाइन, चादरी यांची मोजदाद. आम्ही दोघंही रत्नागिरीकडचे, पण ह्यांचं घर आणि माझं माहेर यांत एक मोठा फरक होता आणि तो मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळला. पहिल्या पंगतीत सासूबाईंनी विचारलं, "भात?" मी म्हटलं, "नको." भाताचं पातेलं पुढे गेलं ते परत आलंच नाही. माझ्या माहेरी "नको" हे जेवणाच्या सुरुवातीचं असतं. वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा त्याने ताटात घालायचंच आणि आपण "अगंबाई, केवढा!" म्हणायचं. त्याला आग्रह म्हणतात. ह्यांच्या घरी एकदाच विचारायचे. उत्तर आलं, विषय संपला. त्या दिवशी मी नव्या शालूत उपाशी झोपले. ही सासरची रीतभात म्हणून मी सोडून दिलं, पण जीभ माहेरचीच राहिली.

आम्हाला मूल नव्हतं. हे एकदा सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावाचून कळायचं नाही. दिवसाला चार-पाच बाळं माझ्या हातांवर जन्माला यायची आणि वर्षातून एकदा पंचेचाळीस दिवसांच्या रजेवर गावी गेले की सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटावर. एक नणंद कुठल्या वैद्याकडे न्यायची, दुसरी कुठल्या देवीला. उरलेले दिवस कार्टन उघडण्यात जायचे. कुणाला टॉर्च, कुणाला अत्तर, कुणाला ब्लँकेट. ब्लँकेटचा रंग पसंत नाही म्हणून नाक मुरडणारे लोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. परत येताना विमानात मी हात धुऊन धुऊन दमायचे.

म्हणून मला दोन दिवस हवे होते. गावी पोचायच्या आधी, वाटेत कुठेतरी, फक्त दोन दिवस. जिथे मी कुणाची सून नाही, कुणाची सिस्टर नाही.

जागा सुचवली आमच्या लेबर रूमच्या हेड सिस्टरने. म्हातारी जर्मन बाई, हायडेलबर्गजवळची. ड्यूटी रूमच्या भिंतीवर तिने तिच्या गावचं कॅलेंडर लावलं होतं. त्यात नदी, दगडी कमानींचा जुना पूल, डोंगरावर अर्धा पडका तांबडा किल्ला. एकदा सलग तीन बाळंतपणं उरकून आम्ही चहा पीत होतो, तेव्हा ती म्हणाली, "पूल ओलांडून पलीकडच्या काठाला जा. तिथे बाक आहेत. तिथून किल्ला दिसतो. मी मुलगी होते तेव्हा तिथे जाऊन नुसती बसायचे." नुसती बसायचे! हे दोन शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसले.

मी घरी सांगितलं आणि काय आश्चर्य, हे हो म्हणाले. विमानतळाच्या रस्त्यावरच्या एका मलबारी एजंटाने सांगितलं होतं की हॉस्पिटल रजेला देतं त्या तिकिटावर थोडे रियाल टाकले तर फ्रँकफर्टवरून मुंबईला जाता येतं. थोडे रियाल हे ऐकलं की ह्यांची कळी खुलायची. त्या दिवशी हॉस्पिटलच्या एका रद्दी रजिस्टरची मागची पानं फाडून ह्यांनी वही शिवली आणि वर लिहिलं, 'प्लॅन'.

त्या प्लॅनची मला तेव्हाही किळस यायची, पण मी बोलत नव्हते, कारण प्लॅन असणं हेच मोठं होतं. राहायला यूथ होस्टेल. तिथे बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी. म्हणजे लग्नाच्या नवऱ्याबरोबर एवढ्या लांब जाऊन मी आठ अनोळखी बायांच्या घोरण्यात झोपायचं. किल्ल्यापर्यंत चढून जायचं, गाडीने नाही. किल्ला बाहेरून बघायचा, "आत काय वेगळं असणार? दगडच." आत म्हणे जगातलं सर्वांत मोठं दारूचं पिंप आहे. त्यापुढे ह्यांनी लिहिलं होतं, 'रिकामं आहे. गरज नाही.' मेसमधून दुधाच्या पावडरीच्या पुड्या, साखरेच्या पुड्या आणि हॉस्पिटलच्या साबणाच्या वड्या जमवायच्या. खाणं घरचं. माणशी दोन दशम्या सकाळी, दोन रात्री, बरोबर लसणीची चटणी. दोन माणसं, एका दिवसाच्या आठ दशम्या. दुसऱ्या दिवशी तिथला पाव. शेवटी मेहेरबानी म्हणून एक ओळ होती, 'खरेदी, रविवारी.'

आता ह्यातली गंमत बघा. आम्ही सहा वर्षं सौदीत होतो. आमचा वीकएंड गुरुवार-शुक्रवार. रविवार म्हणजे कामाचा दिवस, बाजार उघडा, बँका उघड्या. पृथ्वीवर रविवारी दुकानं बंद असतात ही गोष्ट आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. प्लॅनवर आठ महिने डोकं चालवणाऱ्या माणसाला ते सुचलं नाही आणि मलाही नाही.

एका संध्याकाळी मी वही ओढून घेतली आणि माझ्या अक्षरात एक ओळ लिहिली. 'नदीपलीकडचा बाक. अर्धा तास. काही न करता.' ह्यांनी ती वाचली.

"खर्च?"

"शून्य."

"मग असू दे," म्हणाले.

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. तबूक तसं लांब, पण शहरात विमानतळ लष्कराचा, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत रस्त्यावर वाळूच्या रंगाच्या गाड्यांची रांग लागली. आमच्याकडे वॉर्ड रिकामे करून खाटा मोजून ठेवल्या. आणि मग गोरे निघाले. आधी त्यांची बायकापोरं, मग डॉक्टर, मग सिस्टर. त्यांच्या देशांनी त्यांना बोलावलं आणि त्यांचे पासपोर्ट दोन दिवसांत ड्रॉवरमधून बाहेर आले. आमचे पासपोर्ट मात्र तिथेच. आपल्याजवळ फक्त इकामा, म्हणजे राहायचं ओळखपत्र; पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये. पासपोर्ट हवा तर इकामा जमा करायचा आणि कागदांची कामं करणाऱ्या मंदूबच्या मागे फिरायचं. तो "बुकरा" म्हणाला की उद्या, आणि त्याचा उद्या कधी उजाडेल ते अल्लाला ठाऊक.

गोऱ्यांनी जाताना सामान विकायला काढलं. कंपाउंडमध्ये चादरी अंथरून टोस्टर, परकर, अर्ध्या वापरलेल्या शांपूच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि आपले लोक त्यावर तुटून पडले होते. एक आपली डॉक्टरीणबाई दुसऱ्याच्या वापरलेल्या टॉवेलसाठी घासाघीस करत होती. ह्यांनी चाकं असलेली एक सूटकेस घेतली, हँडलला कुणाचा तरी घाम अजून चिकटलेला. "प्लॅनला उपयोगी पडेल," म्हणाले. पण मीही काही कमी नव्हते. हेड सिस्टर गेली त्या दिवशी मी ड्यूटी रूमच्या भिंतीवरून ते कॅलेंडर काढून पिशवीत घातलं.

नशिबाने, की कमनशिबाने, आमचे जर्मन व्हिसा सप्टेंबरातच झाले होते. रजा जानेवारीची. गावाहून पत्रं येत होती, "ताबडतोब निघून या," आणि त्याच पत्रात खाली, "येताना मिक्सर आणता आला तर बघा." हे रोज रात्री जेवून झाल्यावर वही काढायचे. रेडिओवर बुश आणि सद्दाम आणि आमच्या टेबलावर फ्रँकफर्टहून सुटणाऱ्या गाड्या. मला लाज वाटायची, पण त्या वहीत माझी एक ओळ होती, म्हणून मीही बघत बसायचे.

नाताळच्या सुमाराला नोटीस लागली. डॉक्टर आणि नर्सेसच्या रजा रद्द. स्टोअर, किचन, लाँड्री यांतल्या ज्यांची रजा आधी मंजूर आहे त्यांनी जायला हरकत नाही. मंदूबने ह्यांचा पासपोर्ट ह्यांच्या हातात दिला, देशाबाहेर जाऊन परत यायचा शिक्का मारलेला. माझा पासपोर्ट त्याने नुसता दाखवला आणि परत ड्रॉवरमध्ये टाकला. "सिस्टर, खलास," म्हणाला आणि हसला. त्याचे ते पान खाऊन लाल झालेले नसले तरी तितकेच घाणेरडे दात माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पासपोर्ट.

"मग काय करायचं? तिकीट तर निघालंय. परत घेत नाही म्हणतोय तो एजंट."

मी म्हटलं, "तुम्ही जा की. दोघांनी कशाला अडकायचं?"

हे मी का म्हटलं? म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. माझ्या माहेरी कुठलीही बाई हेच म्हणाली असती, आणि कुठल्याही माणसाने त्यावर म्हटलं असतं, "छे, वेडी आहेस का? तुला इथे बाँबखाली टाकून मी कसा जाऊ?" मग मी म्हटलं असतं, "अहो, जा. आईंना भेटून या." आणि मग तो गेला नसता. इतकं सरळ होतं. तव्यावरची भाकरी फुगली, मी ती उलटली, मागे वळून बघितलं नाही. वाट बघत होते.

"बरं," हे म्हणाले.

एवढंच. एक शब्द. पातेलं पुढे गेलं.

त्यानंतरचे आठ दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांना ते कळलंही नाही, कारण आम्ही एरवीही कामापुरतंच बोलायचो. निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "दशम्या किती करू?"

"प्लॅनमध्ये आठ आहेत."

एकटा माणूस, आठ दशम्या! माझ्या वाटणीच्याही ह्यालाच हव्यात. मी पीठ दुधात असं काही मळलं की मनगट दुखायला लागलं. आठ केल्या, तूप लावलं, स्टीलच्या डब्यात रचल्या, वर चटणीची पुडी. त्या घाम लागलेल्या हँडलच्या सूटकेसमध्ये मीच डबा ठेवला. स्वेटरही मीच ठेवला, मफलरही. दारात म्हटलं, "सांभाळून." माझ्या स्वतःच्या आवाजाची मला शिसारी आली.

हे गेले आणि दहा-बारा दिवसांत लढाई सुरू झाली. विमानतळ बंद झाला. परतीचा रस्ताच राहिला नाही. हे रत्नागिरीत आईच्या हातचं खात होते आणि मी तबूकमध्ये खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबत होते. आम्हाला गॅसचे मुखवटे दिले होते. तो मुखवटा घातला की रबराचा वास, त्यात आपल्याच उच्छ्वासाचा वास, आणि नाकाखाली घाम साचायचा. एकदा भर दुपारी भोंगा झाला तेव्हा वाळवंटातली एक बदू बाई टेबलावर कळा देत होती. तिने मुखवटा फेकून दिला आणि माझाही ओढायला लागली, कारण तिला माझा चेहरा दिसत नव्हता. मी काढला. भोंगा वाजत होता, तिने माझा हात धरून ठेवला होता आणि बाळ आलं. मुलगी. मी तिला पुसली, वजन केलं, आणि ड्यूटी रूमच्या सिंकवर जाऊन खूप वेळ हात धुतले. समोर भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक होतं.

ह्यांचा फोन एकदाच लागला. आवाज विहिरीतून यावा तसा.

"इकडे सगळे काळजीत आहेत."

"हायडेलबर्ग?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"सगळं प्लॅनप्रमाणे झालं," हे म्हणाले आणि लाइन कटली.

सगळं प्लॅनप्रमाणे! मी रिसीव्हर हातात धरून उभी होते. रांगेत मागे एक फिलिपिनो सिस्टर रडत होती, तिला फोन हवा होता. मी तिला जागा दिली.

हे मार्चमध्ये परत आले. तेव्हा लढाई संपून दोनेक आठवडे झाले होते. टॅक्सीतून उतरले, ती चाकांची सूटकेस ओढत आले. गावाहून कोकम, कुळथाचं पीठ, सासूबाईंनी दिलेला अंगारा. जर्मनीहून काय? काही नाही.

"रविवारी सगळी दुकानं बंद होती," हे म्हणाले. "एकजात सगळी. आपण ते धरलंच नव्हतं." खरंच अचंबा वाटल्यासारखे बोलत होते. "शनिवारी पोचेपर्यंतच दुपार झाली, तेव्हाही बंद. रस्त्यात लोक मेणबत्त्या घेऊन उभे होते. लढाई नको म्हणून."

"कोणासाठी?" मी विचारलं.

"आपल्यासाठीच की."

मी वही मागितली. दिली. प्रत्येक ओळीपुढे स्टोअरच्या माणसाची ती नीट, तिरकी टिक. होस्टेल, टिक. किल्ला बाहेरून, टिक. चालत चढलो, टिक. मग माझं अक्षर. 'नदीपलीकडचा बाक. अर्धा तास. काही न करता.' त्यापुढे टिक, आणि शेजारी बारीक अक्षरात, '११.१० ते ११.४०. खर्च शून्य.'

माझ्या आयुष्यातली तेवढीच तीस मिनिटं होती, आणि ती ह्या माणसाने घड्याळ लावून सलाइनच्या बाटल्यांसारखी मोजून घेतली होती. मी विचारलं, "कशी होती नदी?"

"रुंद होती," हे म्हणाले. "थंडी फार."

मग त्यांनी सूटकेसच्या तळातून डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. झाकण घट्ट बसलं होतं, त्यांनी ते चमच्याने उचकटलं. वास आला आणि मी तोंडावर पदर धरला. आत चार दशम्या होत्या. हिरव्या, काळ्या, केस आल्यासारखी बुरशी, कडेला पाणी सुटलेलं. दोन महिन्यांच्या.

"शी! हे काय आणलंत? टाकून नाही का द्यायचं?"

"तुझ्या आहेत त्या," हे म्हणाले. "माणशी चार होत्या ना. मी माझ्या चार खाल्ल्या." हे डब्याकडेच बघत होते. "बाकावर डबा तुझ्या बाजूला ठेवला होता. एक बाई बसायला आली, तिला सांगितलं जागा आहे म्हणून. घरी आईला दाखवला नाही. तिने टाकल्या असत्या."

मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. त्या डब्याची किळस येत होती, ती खरी होती. आणि तो डबा ओट्यावरून उचलून टाकायलाही हात होत नव्हता. आठ दशम्या मागणाऱ्या ह्या माणसाला मी दोन महिने मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं!

ह्यांनी वही मिटली नव्हती. नवीन पान काढलं. पेनचं टोपण काढलं आणि वर न बघताच म्हणाले, "जायचं का पुढच्या जानेवारीत? दोघं?"

"नको," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. मी तोंड उघडं ठेवूनच उभी होते, पुढचा शब्द तयार होता, त्यांनी फक्त एकदा पुन्हा विचारायचं होतं. नळ गळत होता. बाहेर कुणीतरी खिडकीच्या चिकटपट्ट्या ओरबाडून काढत होतं, त्याचा करकर आवाज येत होता.

"बरं," हे म्हणाले. पेनला टोपण लावलं.

मी दशम्या कचऱ्यात टाकल्या आणि डबा घासायला घेतला. साबणाने घासला, व्हिमने घासला, लिंबू चोळलं. वास गेला नाही. आम्ही त्यानंतर अकरा वर्षं तबूकमध्ये होतो. दर जानेवारीत रजेचा अर्ज भरताना मी ह्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. दर वर्षी आम्ही जेद्दाहून सरळ मुंबईला गेलो.